नळीवरची चिठ्ठी

एकोणतीस वर्षांपूर्वी मला एक आंतर्देशीय पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही.

दिलं नाही, म्हणजे लिहिलंच नाही असं नव्हे. पुष्कळदा लिहायला बसलो. एकदा तर पाकिटावर पत्ताही घातला, आणि मग पोस्टापर्यंत जाऊन भाजी घेऊन परत आलो. पत्राला एक कोरा कागद टाचणीनं लावून ठेवला होता, उत्तरासाठी म्हणून. दोन्ही पत्र्याच्या डब्यात तळाशी होती. मागच्या महिन्यात दुसरंच काही शोधताना डबा उघडला. टाचणी गंजून फुगली होती. बोट लावलं तर तिची तांबूस पूड झाली आणि कागदावर भोक उरलं. भोकाभोवती तपकिरी डाग पसरला होता. डागाखाली पत्रातली एक ओळ जेमतेम वाचता येत होती. आणखी दोन पावसाळे गेले असते, तर तीही गेली असती.

ओळ अशी होती : ‘मी तेव्हा सांगितलं असतं, तर बाबा आत उतरले असते का?’

पत्र वैजयंती केळुसकरचं होतं. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि नुकतीच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली होती. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. आम्ही सगळे तिला वैजू म्हणायचो.

त्र्याऐंशी सालचा ऑक्टोबर. दक्षिण कोकणात एका खाडीच्या काठी बार्ज दुरुस्त करण्याचं लहानसं यार्ड होतं, तिथे मी स्टोअरकीपर होतो. बार्ज म्हणजे खनिज वाहून नेणारी सपाट तळाची लोखंडी होडी. खिळे, बोल्ट, रंगाचे डबे आणि हातोड्या देणं-घेणं एवढंच माझं काम. मी मिरजेहून आलेला, लाजाळू, कोणात न मिसळणारा. दुपारच्या सुट्टीत सगळे गप्पा मारत, मी रंगाच्या डब्यावर बसून वाचत असे. म्हणून मला ‘मास्तर’ नाव पडलं. मी कधीच मास्तर नव्हतो.

माझ्या वाचनाची एकदा चांगलीच शोभा झाली होती. जवसाच्या तेलाची फडकी ढीग करून ठेवली तर हवेशी संयोग होऊन आपोआप तापतात, पेटही घेतात, असं एका पुस्तकात होतं. आमच्या रंगाऱ्यांचा असा ढीग कोपऱ्यात पडलेला. मी हात घालून पाहिला, मला तो आतून गरम लागला. मी घाबरून सगळा ढीग उचलून खाडीत टाकायला लावला. त्या ढिगावर गुणाजी केळुसकरचा नवा शर्ट वाळत होता, तोही गेला. ढीग खरंच पेटला असता की नाही, ते कोणाला कधीच कळलं नाही. त्यानंतर महिनाभर जो तो मला विचारत होता, “काय मास्तरानू, आज खंयची चिंधी पेटली?”

या सगळ्यात न हसणारा एकच होता, गुणाजीचा थोरला भाऊ साबाजी. गंज पाडण्यात त्याच्याइतका हात कोणाचा नव्हता. चौथीपर्यंत शिकलेला. मान तिरकी करून बोलायची सवय. एके दिवशी तो मुलीला घेऊन स्टोअरच्या दारात उभा राहिला.

“मास्तरानू, माझ्या ह्या चेडवाक शाळेत प्रयोग सांगितलो हा. गंजाचो. मी म्हटलंय, गंजाचा माका इचार, मी तेच्यारच जगतंय. तर म्हणता, बाबा, तसा नाय.”

“तसं नाहीच आहे,” वैजू म्हणाली. बापाशी ती मुद्दाम शाळेतलं मराठी बोलत असे. “नळी लागते. आणि लोखंडाचा कीस.”

कीस आमच्या लेथखाली ढिगांनी पडलेला असे. काचेची नळी मी कुडाळहून आणून दिली. आम्ही नळी आतून ओली केली, कीस टाकून फिरवला, तो काचेला चिकटला. मग नळी उपडी करून पाण्याच्या वाडग्यात उभी केली. वाडगा तिच्या घरच्या खिडकीत ठेवला.

चार दिवसांनी ती धावत आली. “काका, पाणी वर चढलंय. कोणी ओढलं?”

“कोणी ओढलं नाही. कीस गंजला. गंजताना लोखंड हवेतला प्राणवायू खातं. तेवढी जागा रिकामी झाली, म्हणून पाणी वर चढलं.”

“मग सगळी हवा का नाही खाल्ली?”

“हवेचा पाचवा भागच प्राणवायू असतो. तेवढाच खातं.”

“आणि उरलेली?”

“उरलेली दिसायला हवेसारखीच. पण तिच्यात दिवा पेटत नाही. माणूसही जगत नाही.”

“वास येतो?”

“नाही. वास नाही, रंग नाही.”

तिनं मला घरी खिडकीपाशी नेलं. मग वहीचा एक लांबट तुकडा फाडला, खळीनं नळीला चिकटवला, पाणी चढलं होतं तिथे पेन्सिलीनं रेघ मारली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘गंजाने इतकी हवा खाल्ली.’ मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाचलेलं कोणाच्या तरी कामी आलं होतं.

त्याच आठवड्यात ‘सातेरी’ नावाची बार्ज दुरुस्तीला आली. ती दोन पावसाळे खाडीच्या एका फाट्यात नांगरून पडली होती. तळात दोन पुरुष खोल अशी बंद पोकळी होती. आम्ही तिला टाकी म्हणायचो. टाकीला दोन टोकांना दोन झाकणं, बोल्टनं आवळलेली. दीड वर्षात कोणी उघडली नव्हती. आतला गंज पाडून रंग लावायचा होता.

सकाळचे दहा वाजले असतील. मुकादम बाबल परब, साबाजी, गुणाजी आणि दोघं-तिघं गडी डेकवर होते. मी नव्या हातोड्या द्यायला आणि जुन्या मोजून घ्यायला गेलो होतो. पुढच्या झाकणाचे बोल्ट निघाले. मागच्याचे गंजून एकजीव झाले होते, पाना लावला तर पानाच घसरत होता.

साबाजीनं पुढच्या झाकणाच्या फटीत पहार घातली आणि जोर दिला. झाकण एक बोट हललं, आणि टाकीनं श्वास घेतला.

दुसरा शब्द मला सुचत नाही. फटीतून हवा आत गेल्याचा आवाज आला, लांब आणि बारीक. काठावर पडलेला वाळका पाला सरकत सरकत फटीत ओढला गेला. एक गडी दोन पावलं मागे झाला.

“राखणदार जागो झालो,” तो म्हणाला.

“मगे तेका इचारूया,” साबाजी म्हणाला.

ही त्या यार्डातली रीत होती. प्रत्येक बंद जागेला राखणदार असतो आणि त्याची परवानगी घेतल्याशिवाय आत उतरायचं नाही. झाकण काढलं की तोंडाच्या कडेला नारळ ठेवायचा आणि शेजारी एक उदबत्ती खोचायची. उदबत्ती निम्मी होईपर्यंत विझली नाही, तर राखणदारानं वाट दिली. मग माणूस उतरणार, तळाशी पोचल्यावर हातोडीनं पत्र्यावर तीन ठोके देणार, वरच्यानं तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. मग काम सुरू. ठोके येत राहिले की सगळं ठीक. माझ्याआधी वीस वर्षं तिथे असंच चाललं होतं आणि कोणाला काही झालं नव्हतं. पण त्या टाक्या दर पावसाळ्यानंतर उघडलेल्या असत, दोन्ही झाकणं काढून. ही तशी नव्हती.

पुढचं झाकण निघालं, उदबत्ती छान जळत होती. मी टॉर्च घेऊन आत डोकावलो. भिंती कोरड्या करड्या नव्हत्या. ओल्या होत्या, आणि त्यांच्यावर केशरी, मऊ, मखमलीसारखा गंज चढला होता. खाली, वर, जिथे प्रकाश जाईल तिथे. नळीतला कीस असाच दिसत होता. अगदी हाच रंग.

हवा आत ओढली गेली होती. नळीत पाणी ओढलं गेलं होतं. मी टॉर्च बंद केला.

“मुकादम,” मी म्हटलं, “मागचं झाकणही काढून घेऊया का आधी?”

“कित्याक?”

“वारा खेळेल.”

“बोल्ट बगलास? कापूक दिस जाईत. परवा रंगारी येतले.” बाबलनं माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या मिशीखाली हसू आलं. “काय मास्तरानू, आज टाकी पेटता की काय?”

गडी हसले. गुणाजी म्हणाला, “शर्ट सांबाळा रे आपापले.”

मीही हसलो. मला अजून आठवतं, मीही हसलो.

साबाजी हसला नाही. त्यानं टाकीच्या तोंडाशी वाकून दोन-तीनदा नाकानं हुंगलं. “वास तरी कायेक नाय,” तो स्वतःशीच म्हणाला. मग गुणाजी दिव्याची वायर आणायला काठावर गेला, बाबल बोल्ट बघायला मागच्या टोकाला गेला, गडी त्याच्यामागून गेले. झाकणापाशी आम्ही दोघंच उरलो. साबाजीनं कमरेला हातोडी खोचली, एक पाय शिडीवर ठेवला, मान तिरकी केली. आमचं दोन-चार वाक्यं बोलणं झालं. ते बोलणं मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मग तो खाली उतरला.

मी गुडघे टेकून बसलो. शिडीच्या पायऱ्या वाजल्या. मग तीन ठोके आले. टण, टण, टण.

मी जुन्या हातोडीनं तीन ठोके दिले. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मूर्ख माणसा, मी स्वतःला म्हटलं, पुन्हा चिंध्या.

पुढचे ठोके आले नाहीत.

मी वाट पाहिली. किती ते सांगता येणार नाही. उदबत्तीची राख एकदा गळून पडली, एवढं आठवतं. मी तीन ठोके दिले. पुन्हा दिले. मग खाली काहीतरी पडल्याचा आवाज झाला. हातोडीचा नव्हे, जड आणि मऊ. मी टॉर्च मारला. शिडीपासून पाच-सहा हातांवर साबाजीच्या पायांचे तळवे दिसले. बोटं खाली, टाचा वर.

मी ओरडलो. माझ्या आवाजाला मी स्वतःच दचकलो. इतक्या मोठ्यानं मी कधी बोललो नव्हतो.

गुणाजी वायर टाकून धावत आला. त्यानं आत पाहिलं, “दादा” म्हणाला आणि शिडीकडे वळला. तो आत पाय घालणार एवढ्यात मी त्या भोकात बसलो.

हे मी कसं केलं, मला माहीत नाही. विचार करून केलेलं नव्हतं. टाकीचं तोंड माणूस जेमतेम जाईल एवढंच. मी पाय आत सोडले, ढुंगण काठाला रुतवलं आणि दोन्ही हातांनी कड घट्ट धरली. उदबत्ती माझ्या मांडीखाली चुरडली. चटका नंतर कळला.

“उठा थयसून!”

“गुणाजी, आत हवा नाही.”

“हवा नाय म्हणजे काय? माझो भाव आत आसा. बाजूक व्हा.”

“तू उतरलास की तूही पडशील. दोन श्वासांत.”

“बाजूक हो रे, नायतर तुकाच आत टाकतंय!”

त्यानं मला दंडाला धरून ओढलं. मी सुटलो नाही. मग त्यानं मारलं, खांद्यावर, मानेवर, कानावर. माझा डावा कान तेव्हापासून अधू आहे. मला मारापेक्षा पायांची भीती वाटत होती. माझे पाय त्या अंधारात लोंबत होते, आणि त्यांच्याखाली साबाजी होता. मला वाटत होतं, कोणत्याही क्षणी तो माझा घोटा धरील आणि म्हणेल, मास्तरानू, वर घ्या. तो जिवंत असेल आणि मीच भोक बुजवून बसलो असेन तर? पुस्तक चुकलं असेल तर? त्या दिवशीही चिंध्या पेटल्या नव्हत्याच.

“कंदील,” मी बाबलला म्हटलं. “कंदील दोरीला बांधून सोडा. पेटता राहिला तर मी उठतो.”

बाबल परब वीस वर्षं मुकादमी करत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, गुणाजीकडे पाहिलं आणि गड्याला कंदील आणायला पाठवलं. गडी परत येईपर्यंत गुणाजी माझी कॉलर धरून उभा होता आणि रडत होता.

मी एक गुडघा वळवून जागा केली. कंदील माझ्या मांडीला घासून खाली गेला. दोन हात गेला. वात लहान झाली, निळी झाली. आणखी एक हात. विझली. धूर नाही, आवाज नाही, काही नाही. कोणी फुंकर मारली असती तरी इतकी गुपचूप विझली नसती.

बाबलनं कंदील वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच विझला.

गुणाजीनं माझी कॉलर सोडली आणि डेकवर बसला.

“उदबत्ती तर विझली नाय,” तो म्हणाला. “बाबलानू, उदबत्ती विझली नाय मा?”

उदबत्ती बाहेरच्या हवेत होती, हे मी त्याला सांगितलं नाही.

रंग मारायचा कॉम्प्रेसर आणला. त्याची नळी माझ्या गुडघ्यांमधून आत सोडली. मी तिथेच बसून राहिलो, कारण मला खात्री नव्हती की मी उठलो तर गुणाजी थांबेल. वीस-पंचवीस मिनिटं हवा मारली. चौथ्या वेळी कंदील तळाला टेकला तरी जळत राहिला. मग मी उठलो. गुणाजीच्या कमरेला दोर बांधून त्याला सोडला. त्यानं भावाला वर काढला.

साबाजीच्या अंगावर कुठे खरचटलंही नव्हतं. झोपल्यासारखा चेहरा. मिशीत फक्त थोडी केशरी पूड होती.

पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं विचारलं, “आत उतरण्याआधी तो काही बोलला?”

मी म्हटलं, “वास नाही म्हणाला.”

ते खोटं नव्हतं.

तेराव्या दिवशी गुणाजी माझ्या खोलीवर आला. ज्या हातानं मला मारलं होतं, त्याला फडकं बांधलेलं होतं. तो खाली वाकला आणि मी मागे सरेपर्यंत त्यानं माझ्या पायांना हात लावला. “तुमी माझो जीव ठेवलात,” तो म्हणाला. यार्डात कोणी मला चिंधीवरून हसेना. टाकी उघडली की आता उदबत्ती न लावता दोरीला कंदील बांधून सोडत. त्याला ‘मास्तरांचो कंदील’ म्हणत. गावातून जाताना बायका पदर सावरून बाजूला होत. साबाजीची बायको एकदा पाणवठ्यावर दिसली. तिनं हात जोडले.

हे मला सोसवेना. दोन महिन्यांनी मी नोकरी सोडली, मिरजेला आलो आणि एका वाचनालयात लागलो. तिथे कोणी मला काही विचारत नसे. पुस्तक कुठे आहे, एवढंच विचारत. निवृत्त होईपर्यंत तिथेच होतो.

बारा वर्षांनी वैजूचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं :

‘काका, सातवीला लोखंड गंजण्याचा धडा आहे. तो मी घेत नाही, शेजारच्या वर्गातल्या सरांना घ्यायला लावते. तुम्ही मला ती नळी लावायला शिकवली होतीत. आदल्या दिवशी संध्याकाळी बाबांनी नळीकडे बोट करून विचारलं होतं, हे काय? मी गोष्टीचं पुस्तक वाचत होते. मी म्हटलं, शाळेचं आहे, तुम्हाला नाही कळायचं. मी तेव्हा सांगितलं असतं, तर बाबा आत उतरले असते का? तुम्ही त्या दिवशी तिथे होतात. दुसऱ्या कोणाला विचारू?’

आणि मी त्या पत्राला कोरा कागद टाचून ठेवला.

टाचणीची पूड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या शाळेचा नंबर शोधून फोन केला. शाळा अजून आहे का, ती अजून तिथे आहे का, एवढंच पाहायचं होतं. कोणी लिपिक बोलत होता.

“केळुसकर बाई? आहेत ना. वर्गावर आहेत. बोलावू का?”

“नको, नको,” मी म्हटलं. “बाई सातवीला विज्ञान शिकवतात ना?”

“शिकवतात की. आज मात्र त्यांचा तास सावंत सर घेतायत. तो गंजाचा धडा असला की सरच घेतात, दरवर्षी. बाई आठवीवर असतात. कोण बोलतंय म्हणून सांगू?”

मी फोन ठेवला. बहात्तर वर्षांच्या माणसानं असा फोन ठेवू नये.

मग मी तोच भोक पडलेला कोरा कागद घेतला आणि एका बैठकीत लिहिलं. परत वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं. जे लिहिलं ते साधारण असं :

‘चि. वैजयंती हीस,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तुझं पत्र येण्याच्या बारा वर्षं आधीपासून माहीत होतं. ते न देण्याचं कारण फक्त माझी भीती.

तू बाबांना सांगितलं नाहीस असं लिहितेस. ते बरोबर नाही. तू सांगितलं होतंस. त्या सकाळी तुझे बाबा टाकीच्या शिडीवर एक पाय ठेवून थांबले आणि मला म्हणाले, “मास्तरानू, वैजून नळयेर चिठी लायल्यान हा. सकाळी अक्षर अक्षर लावून वाचलंय. ‘गंजाने इतकी हवा खाल्ली.’ खरा काय ता?” हे शब्द मी त्यांच्याच बोलीत लिहिले आहेत, कारण ते मला रोज ऐकू येतात.

त्यांनी चिठ्ठी वाचली होती, टाकीचा आवाज ऐकला होता, आणि दोन्ही जोडलं होतं. चौथी शिकलेल्या माणसानं. फक्त मी हो म्हणायचं बाकी होतं. मी हो म्हटलं असतं तर ते उतरले नसते. मला तशी खात्री आहे, आणि मला फार थोड्या गोष्टींची खात्री असते.

पण थोड्या वेळापूर्वी सगळे मला हसले होते. मी म्हणालो, “ते नळीतलं झालं, साबाजी. पुस्तकातलं सगळंच खरं होतं असं नाही.”

ते म्हणाले, “मगे बरा.” आणि उतरले.

मी गुणाजीला अडवलं म्हणून लोक मला हात जोडत. पण तुझ्या बाबांना अडवायला मला भोकात बसावं लागलं नसतं. एक शब्द पुरला असता.

तुझ्यावर यातलं काहीही नाही. कधीच नव्हतं. हे मी तुला तू चोवीस वर्षांची असताना सांगायला हवं होतं. तू माफ करावंस म्हणून लिहीत नाही. तो धडा तू घ्यावास म्हणून लिहितो आहे.’

खाली पूर्ण नाव लिहिलं, पुरुषोत्तम कानडे. मास्तर असं लिहिलं नाही.

पोस्टाची पेटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. लाल रंग उडालेला, तळाशी पत्रा गंजून पापुद्रे सुटलेले. अलीकडे तीत कोणी काही टाकत नाही. वाटेत भाजीवाली म्हणाली, “आजोबा, आज मेथी चांगली आहे.” मी म्हटलं, “येताना घेतो.”

पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं गेलं आणि माझा हात तिथेच राहिला. मग मी सोडलं. उजवा कान पेटीला लावून उभा राहिलो. पेटी रिकामीच असणार, कारण पत्र तळाला पडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.